मशिनी कोठे गयात

"तोंड जरा उतरेल ठेव. मिल बंद पडेल शे, तुना घर लगीन नही."

आबा मला हे म्हणाले तेव्हा मी भर मैदानात जमिनीवर बसले होते. पदर पसरून. समोर फोटोवाला. आबांच्या हातात ज्वारीचा पत्र्याचा डबा. मी हसत नव्हते, उन्हानं डोळे बारीक झाले होते. पण त्यांना फोटोत भुकेली बाई हवी होती. मी तोंड पाडलं. ज्वारी वरून पडली, हात लागायला नको म्हणून. निम्मे दाणे मातीत गेले. ते वेचतानाचाही फोटो काढला.

दुसऱ्या रांगेतल्या बायकांना पिशव्या हातात दिल्या. बुद्धविहारामागच्या आमच्या वस्तीची रांग वेगळी होती.

हे धुळ्यातलं, नव्वदच्या आसपासचं. आबा आमच्या सूतगिरणीचे चेअरमन. आमच्या वॉर्डाचे नगरसेवकही तेच. मी गिरणीत नऊ वर्षं रिळं भरली. एका सकाळी गेटला कुलूप आणि नोटीस. गिरणी तोट्यात आहे म्हणे. मग गावच बसलं. चहाच्या टपऱ्या, शिंपी, सायकलवाला, एकामागून एक. दीर सुरतला लूमवर गेला. गिरणीतल्या आम्ही बायका मिरचीची देठं खुडायला जाऊ लागलो. हात पेटायचे. तान्हीला पाजताना बोट लागलं तरी ती किंचाळायची.

फोटो पेपरात आला. 'कामगारांना आबांचा मदतीचा हात.' थोरली मुलगी चौथीत होती. तिच्या शाळेचे अध्यक्षही आबाच, म्हणून तो फोटो शाळेच्या फळ्यावर लावला. पोरीनं शाळेत जायचंच सोडलं. कारण सांगेना. मी जाऊन बघितलं. खूप वेळ बघितलं. नऊ वर्षं घामाचं खाल्लेली बाई त्यात कुठंच नव्हती. एक भिकारीण होती. तिथंच माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं.

आमची घरं गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून. कुलूप लागल्यावर महिनाभर मागच्या गेटनं ट्रक निघत होते, दिवसाढवळ्या. ताडपत्रीखालून मी माझ्याच मशीनचे हिरवे पाय बघितले होते. सगळ्या वस्तीनं बघितलं होतं. ज्वारी मिळत होती, म्हणून सगळे गप्प. मीही.

निवडणूक आली. आबांच्या माणसानं मला चार ओळी पाठ करायला दिल्या. आबा नसते तर आम्ही मेलो असतो, असं फोटोतल्या बाईनं सभेत बोलायचं. मी मान डोलावली.

स्टेजवर चढले. माईक धरला.

"आबा, आमन्या मशिनी कोठे गयात?"

आबांच्या माणसानं माईक बंद केला. मी तसंच ओरडून पुन्हा विचारलं. बायकांतून एका म्हातारीचा आवाज आला, "मागला गेटनी गयात. बठ्ठासनी देखं." म्हणजे सगळ्यांनीच.

आबा चिडले नाहीत. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तुना मालक मार्केटमा हमाली करस ना?"

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा हमालीचा बिल्ला काढून घेतला. सासूनं मला शिव्या घातल्या. वस्तीतल्या बायका नळावर तोंड फिरवायला लागल्या, ज्वारी माझ्यामुळं बंद झाली म्हणून. नवरा आठ दिवस काम शोधत हिंडला. नवव्या दिवशी म्हणाला, आता आपलं काढून घेण्यासारखं काही उरलं नाही, तू निवडणुकीचा फॉर्म भर.

मी भरला.

मग आबा आमच्या घरी आले. खाटेवर बसले. आमच्या घरचं पाणी प्याले. फॉर्म मागं घे, नवऱ्याला मुकादम करतो, पोरीला पुस्तकं देतो, असं बराच वेळ समजावत होते. मी उभीच होते. त्यांचं संपू दिलं.

"आबा, मी निवडी येवाले उभी नही. तुमले पाडाले उभी शे."

घरोघरी फिरले. नळावर तोंड फिरवणाऱ्यांच्या दारातही गेले. त्यांना एकच विचारलं, ट्रक बघितले होते का? मी हरले. पण वस्तीची मतं फुटली आणि आबा पडले. तिसराच कोणी निवडून आला, तोही काही देव नव्हता. त्या दिवशी मी उसनी साखर आणून वाटली. दुसऱ्याच्या पडण्यावर हसू नये म्हणतात. मी पोटभर हसले.

गिरणी उघडली नाही. नवरा सुरतला गेला. पोरगी शाळेत परत गेली, पण दुसऱ्या, लांबच्या. आम्ही सत्तावीस जणींनी मशिनींबद्दल कोर्टात अर्ज केला. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला. दर तारखेला मी मिरचीचं काम सोडून जाते.

आबा आता थकलेत. कोर्टाच्या पायऱ्या चढताना मुलगा हात धरतो. वकील म्हणतो, तडजोड करा, म्हातारा माणूस आहे. आमच्यातल्या काही जणीही म्हणतात, जाऊ दे.

मी जाऊ देणार नाही. आबांना कोर्टातल्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, मशिनी कुणाला विकल्या ते नावानिशी सांगावं लागेल. त्याआधी ते मेले, तर त्यांच्या मुलाला उभं करीन. मी मेले, तर माझ्या दोन पोरी आहेत. त्यांना सगळं सांगून ठेवलंय.