पायाखालचा दम

किसनअण्णांचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या माझ्या दुकानात एका भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर उघडून बसलो होतो. "अस्लमभाई, तात्या गेलं..." एवढंच ते म्हणाले. दगडूतात्या दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले होते, चहाला हाक मारली तर उठले नाहीत. मी शटर ओढलं आणि त्यांच्या गावी, कळसला निघालो. त्याला आता सहा आठवडे होतील. त्या दिवशी रडलो, खोटं कशाला सांगू. पण आज लिहायला बसलोय तर डोळ्यांपुढे तात्यांचा हसरा चेहराच येतोय. तात्या जिंकून गेले. त्यांची गोष्ट तशीच सांगायला हवी.

तात्या सनईवाले. आमच्या भागात कितीतरी लग्नांत त्यांच्या सनईशिवाय अक्षता पडल्या नाहीत. धाकटे भाऊ किसनअण्णा त्यांच्या जोडीला सूर धरायचे. सनईची जोडी जवळून न पाहिलेल्यांना सांगतो, एकजण गाणं वाजवतो आणि दुसरा आपल्या सनईवर एकच सूर अखंड धरून ठेवतो. नाकाने श्वास घ्यायचा, गालात हवा साठवायची आणि सूर तुटू द्यायचा नाही. अण्णांनी उभ्या आयुष्यात एवढंच केलं. तात्या सुरांमधून फिरत राहायचे, अण्णा जागेवर उभे. पुढे तात्यांच्या छातीने दगा दिला. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्ट सांगितलं की यापुढे फुंकायचं नाही, एक दिवसही नाही. तात्यांनी सनई कापडात गुंडाळून फळीवर ठेवली आणि वर्षभर तिच्याकडे पाहिलं नाही. जोडी मोडली म्हणून अण्णांचीही सनई बंद पडली.

मी पूर्वी बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. नंतर दुकान टाकलं, पण गिटार सुटली नाही. एका सकाळी दुकानात बसून तारांवर लोखंडी नळी घासत वाजवत होतो. बोटांनी तारा दाबायच्या नाहीत, करंगळीत नळी घालून ती तारेवरून सरकवायची, म्हणजे सूर एकातून एकात ओघळत जातात. तात्या रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले होते. दारातच थांबले.

"मींड निघती व्हय हेच्यातनं?"

"निघते की. बसा तात्या."

बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सूर सरकतोय खरा. पर लगेच मरतोय. फुंक न्हाय ना त्याला..."

या एका वाक्यापायी आम्ही पुढचे आठ महिने घालवले. त्यात घाई होती, कारण अण्णांच्या मुलीचं, रेखाचं लग्न ठरलं होतं, वडगाव निंबाळकरच्या मुलाशी. लहानपणापासून ती म्हणायची की माझ्या लग्नात तात्यांचीच सनई वाजणार. आता तात्या वाजवू शकत नाहीत म्हटल्यावर तिने सांगून टाकलं, "मग वाजापच नको. मुकं लग्न लागू दे." मनातली लाज तात्या कुणाला दाखवत नसत, पण मला म्हणाले, "पोरीच्या मांडवात मी हात बांधून उभा ऱ्हाऊ का, अस्लमभाई?"

मी माझी जुनी गिटार त्यांना दिली. मोटारसायकलच्या प्लगपान्याची नळी कापून करंगळीच्या मापाची करून दिली. सूर कुठे आहे हे त्यांना शिकवावं लागलं नाही, कान तयारच होते. दोन महिन्यांत हात बसला. अवघड होता तो आवाज, आणि तो आवाज पेडलमधूनच येणार होता. पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या छोट्या लोखंडी डब्या. गिटारचा आवाज वायरीने एकीतून दुसरीत जातो आणि प्रत्येक डबी त्याला काहीतरी करते. माझ्याकडे अशा पंधरा-वीस डब्या होत्या. पहिल्यांदा मी शंभर आवाज असलेलं एक मोठं मशीन पुढे ठेवलं. तात्यांनी दहा आवाज ऐकले आणि हात जोडले. "शंभर पावणं एका खोलीत कोंबल्यागत झालंय. कुणाचं ऐकू?" मग एकेक डबी लावून बघायला लागलो. सूर लहरता करणारी कोरसची डबी त्यांनी लगेच बाजूला सारली, म्हणाले, "सनई पान्यात बुडवलीस व्हय?" कम्प्रेसर मात्र एका ऐकण्यात पास झाला. तो मोठा आवाज दाबतो, लहान आवाज उचलतो, त्यामुळे मरणारा सूर लांबतो. तात्या म्हणाले, "ह्ये सारवून घेतंय. सगळं एका पातळीत." तेव्हापासून त्या डबीचं नाव सारवण. आवाज खरबरीत करणाऱ्या डिस्टॉर्शनला त्यांनी पत्ती म्हटलं, कारण सनईच्या तोंडची पत्तीच सुराला ती धार देते.

खरी भांडणं झाली ती डब्यांच्या क्रमावरून. वाह-वाह नावाचं एक हलतं पेडल असतं, पुढे-मागे केलं की आवाज तोंड उघडून मिटल्यासारखा होतो. ते मध्येच अडकवून ठेवलं की सूर नाकात जातो. मी ते रिवाजाप्रमाणे पत्तीच्या आधी लावलं होतं. तात्या मान हलवत राहिले. "ह्यो एसटीचा हॉर्न झाला. उलटं कर. आधी सूर फाटू दे, मग त्याला नाकात घे." असं करत नाहीत, मी म्हणालो. "तुमी करत नसाल. सनईत आधी पत्ती वाजती, मग नळी." मी वायरी बदलल्या, कुरकुरतच. त्यांनी नळी तारेवर ठेवली आणि... आवाजच बदलला. सनई नव्हती, पण सनईच्या घरातलं कुणीतरी दारात आलं होतं.

राहिली फुंक. गिटारचा सूर टण्णकन सुरू होतो, सनईचा हळूहळू भरत येतो. त्यासाठी व्हॉल्यूमचं पेडल आणलं. तार आधी छेडायची, आवाज शून्यावर ठेवून, आणि मग पायाने उघडत न्यायचा. तेही मी आधी सुरुवातीला लावलं होतं, तर हळू वाजवलं की धारच जायची. तात्यांनी ते उचलून पत्ती आणि वाह-वाहच्या नंतर ठेवायला लावलं. "फुंक कमी केली म्हनून पत्ती बदलती का, लेका?" अनवाणी पाय त्यावर ठेवून त्यांनी सूर उघडला, भरला, उतरवला. डोळे मिटलेले होते. मग डोळे उघडून म्हणाले, "छातीतला दम पायात आला बघ." शेवटी डिले, म्हणजे प्रतिध्वनी. श्वास तुटला तरी मागे सुराची शेपटी राहावी म्हणून ती अगदी टोकाला.

एकच डबी त्यांनी ऐकूनही घेतली नाही. एक सूर दिला की तो धरून ठेवणारं पेडल माझ्याकडे होतं. मी उत्साहाने म्हणालो, याच्यावर सूर सोडून द्या तात्या, मग दुसऱ्या माणसाची गरजच नाही. त्यांनी ती डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली. "सूर किसन धरतोय. ती जागा भरल्याली हाय." त्या संध्याकाळी तात्यांनी फळीवरची आपली सनई खाली काढून सूर धरायला अण्णांच्या हातात दिली.

लग्न वडगाव निंबाळकरला, भर दुपारचा मुहूर्त. मांडवात गिटार बघून वराकडच्या एका वडीलधाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "अण्णा, सनई ठरली हुती ना? ह्ये काय आर्केस्ट्रा?" तात्या खुर्चीवर बसले, चपला काढल्या, पाय पेडलवर ठेवला. शेजारी अण्णांनी सूर धरला आणि तात्यांनी त्यात आपला सूर उघडला. बायका पंगतीच्या बाजूने वळून बघायला लागल्या. कोण वाजवतंय म्हणून माणसं अण्णांच्या सनईकडे बघायची आणि चक्रावायची, कारण अण्णांची बोटं हलतच नव्हती.

मंगलाष्टकं संपत आली आणि लाइट गेली. गिटार मुकी झाली. पंखे थांबले, माइक बंद पडला, तात्यांचा हात तारेवर तसाच राहिला. पण मांडवात एक सूर चालूच होता. अण्णांचा. गाल फुगलेले, मान लाल, नजर भावावर. कुणीतरी जनरेटरकडे पळालं, दोरी ओढतंय, सुटतंय, पुन्हा ओढतंय... तो माणूस सूर सोडेना. भटजींनी शेवटचं पद त्या एका सुरावर म्हटलं. जनरेटर धडधडला, अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि तात्यांनी पाय दाबला. सनई अशी उसळून आली की अक्षता टाकायला उचललेले हात हवेतच थांबले. रेखा अंतरपाटाआड हसत होती आणि रडत होती. मघाचे तेच वडीलधारे नंतर तात्यांपुढे येऊन उभे राहिले. "तात्या, माझं चुकलं. धाकट्याच्या लग्नालाबी तुमीच या."

तात्या गेलेच. त्या धाकट्याच्या लग्नाला, आणि त्यानंतर चार वर्षं कऱ्हाटीपासून इंदापूरपर्यंत किती मांडवांत गेले मोजलं नाही. छाती थकलेले आणखी दोन सनईवाले त्यांच्याकडे येऊन शिकले. बारामतीतली गिटार वाजवणारी पोरं माझ्याकडे येऊन "तात्यांच्या क्रमानं लावून द्या" म्हणतात. मी देतो.

गेल्या रविवारी कळसला गेलो होतो. डब्या बसवलेली पेडलची फळी ओसरीवर त्यांच्या जागीच होती. व्हॉल्यूमच्या पेडलवरचं रबर अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेलं, तात्यांच्या पायाचा ठसा असावा तसं. मी धूळ पुसत होतो, बटणं हलू नयेत म्हणून जपून. अण्णा म्हणाले, "जोडून द्या की एकदा." मला वाटलं त्यांना आवाज ऐकायचाय. मी वायरी लावल्या आणि गिटार मांडीवर घेतली. त्यांनी ती माझ्या मांडीवरून उचलली. करंगळीत नळी घातली, चपला काढल्या आणि त्या झिजलेल्या जागेवर आपला अंगठा ठेवला.

"जलमभर एका जागी हुबा हुतो, अस्लमभाई. आता जरा पुढं जाऊन बघतो."

पहिला सूर त्यांचा नेहमीचाच लागला, अगदी चोख. दुसरा डळमळला. तिसरा त्यांनी पायाने हळूहळू उघडला... आणि माहेरी आलेली रेखा पिठाचे हात घेऊन दारात आली.