आढीजवळचा पाट

पावस गावच्या दमयंतीचं नाक म्हणजे नाक होतं. गवतात पिकायला घातलेल्या हापूसच्या आढीवर नुसती वाकली की सांगायची, हा उद्याचा, तो परवाचा. तिच्या शब्दावर पेट्या भरायच्या. मग नाकात मांसाचे कोंब आले, पॉलिप म्हणे, आणि वास गेला. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, वास परत आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बरं वाटलं तरी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, फवारा मारायचा. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

पण हंगाम आला आणि बाईंना वाटलं, औषधाचा वास नाकात बसला तर आंब्याचा कसा कळणार? दोन महिने दोन्ही बंद. आंब्यासाठी नाक जपायला गेली नि नाकच घालवून बसली. कोंब पुन्हा आले, पुन्हा ऑपरेशन झालं, पण या वेळी वास परतला नाही, आणि पुढच्या हंगामात आढीजवळच्या पाटावर धाकटी जाऊ विमला जाऊन बसली.

तेव्हापासून दमयंतीच्या पोटात जो जाळ उठला तो विझेना. विमलानं आंबा नाकाशी नेला की हिचा जीव वरखाली. "विमलाबाईंचा माल यंदा झकास," असं हातखंब्याचा व्यापारी म्हणाला, त्या दिवशी हिला घास गिळवेना. विमला रोज पाणी उकळून, निववून, मीठ घालून तांब्या पुढे ठेवायची. "वहिनी, फवारा मारलात?" मिरवते मेली, असं दमयंतीला वाटे. तरी इरेला पेटून तिनं एक दिवस चुकवला नाही. पाट परत घ्यायचाच होता.

वैशाखात एका सकाळी आढीपाशी ती थबकली. कुजका, आंबूस वास. गवतात हात घालून तिनं देठाशी काळा पडलेला आंबा काढला आणि गड्यांदेखत विमलापुढे धरला. "हा काय गो? एक नासका सगळी आढी नासवतो, कळत नाय?"

विमला हसली. "आज कळला होय? पंधरा दिवस रोज सकाळी एक ठेवतेय नि संध्याकाळी काढतेय. म्हटलं, बघू वहिनींचं नाक कधी उघडतं." तिनं उठून पाट पुढे सरकवला. "बसा आता. माझी कंबर धरली पार."

दमयंती बसली. पाट मिळाला, पण जिंकल्यासारखं काही वाटेना. इतके दिवस विमलाच्या नाकाचा हेवा केला, आता तिच्या मोठ्या मनाचाही करायचा? त्यापेक्षा बया भांडली असती तर बरं झालं असतं.

"तांब्या भरून ठेवलाय," विमला आतून म्हणाली.

दमयंती उठली आणि नाक धुवायला गेली.