मोठी आधी, छोटी नंतर

आमच्या यार्डात किस्से साचत जातात. कॅरव्हॅन फिरून परत आली की टाकीबरोबर एखादा किस्साही रिकामा होतो. मोजकेच सांगते.

मी परदेशात दोन वर्षं सांडपाण्याचं शास्त्र शिकले. परतताना विमानातच ठरवलं होतं, नागपुरात मामाच्या कॅरव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्यात शिरायचं आणि माणसाचा हात मैल्याला लागणार नाही अशी व्यवस्था उभी करायची. वाटलं होतं, मी शिकवीन, लोक शिकतील. प्रत्यक्षात कामठी रोडवर एक पत्र्याचं शेड होतं, तीन गाड्या होत्या, आणि त्यांच्या टाक्या रिकाम्या करणारे देविदासभाऊ होते.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सेन्सर समजावला. पॅनलवर चारही दिवे लाल. म्हटलं, "बघा, टाकी फुल्ल!"

ते गाडीखाली वाकले. पान्याने टाकीवर तीन ठिकाणी टकटक केली, कान लावला.

"अर्धी आहे मॅडम. सेन्सरले कागद चिकटला असन. खोटं बोलून राहिला तो."

मी संडासाचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. अर्धी!

*

टाक्या दोन असतात. एक संडासाची, दुसरी बेसिनच्या आणि अंघोळीच्या पाण्याची. मी पुस्तकातल्याप्रमाणे स्टिकर लावले : 'काळे पाणी' आणि 'राखाडी पाणी'.

पेंचला निघालेल्या एका आजोबांनी चढता चढता ते वाचलं आणि आमच्या ड्रायव्हरला, गजाननला, विचारलं, "काहून गा, पेंच सांगून अंदमानले नेऊन राहिला का?"

संध्याकाळी देविदासभाऊंनी स्टिकर खरवडून काढले. तेव्हापासून संडासाची ती मोठी टाकी, दुसरी ती छोटी.

*

डिसेंबरात एका कुटुंबाने उरलेला सावजी रस्सा बेसिनमध्ये ओतला. थंडीने वरची तेलाची तर्री गोठली, छोटी टाकी तुंबली. मी फोनवर परदेशातले उपाय शोधत बसले.

देविदासभाऊंनी टाकीत दोन बादल्या गरम पाणी आणि भांड्यांचा साबण टाकला आणि गजाननला सांगितलं, "कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन ये. गाडीच घुसळन टाकी."

तासाभरात टाकी मोकळी!

"सावजी माणसाले पचत नाही," ते हात धूत म्हणाले, "टाकीले काय पचणार!"

*

मग मी टाक्या रिकाम्या करण्याच्या पाळ्या लावल्या. शेडमधल्या सहाही जणांना बसवून भाषण दिलं, हे काम कोणा एकाचं नाही! टाळ्या पडल्या.

पहिल्या सोमवारी गजाननची पाठ दुखत होती. दुसऱ्या सोमवारी उपवास. तिसऱ्या सोमवारी मेहुण्याचा साखरपुडा.

"गजानन, मेहुण्याचा साखरपुडा गेल्या महिन्यात झाला ना?"

"तो मोडला मॅडम!"

सगळे हसले. मीही हसले. देविदासभाऊ तोवर हातमोजे चढवत होते. बाकी कोणी मैल्याच्या पाईपला हात का लावत नाही, हे शेडमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या भाषणात तेवढंच नव्हतं.

*

त्यांचा मान वाढावा म्हणून मी एक केलं. हातात पाईप घेतलेला त्यांचा फोटो आमच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा अभिमान'.

चौथ्या दिवशी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तो फोटो काढता येते का?"

"का? लाज वाटते का कामाची?" हे मीच विचारलं.

"मले नाही. पण प्रज्ञाचं जमून राहिलं, माह्या पोरीचं. पोरगा सावनेरचा. त्याच्या बापानं फोटो पाहिला. विचारून राहिला, पाईप कशाचा म्हणून."

"मग?"

"सांगितलं, मी साहेब आहो तिथं. माणसं काम करतात, मी पाहतो. पोरगी म्हणे, बाबा, खरं बोला. माह्या तोंडून निघालंच नाही. आता उद्या ते यार्ड पाहाले येऊन राहिले."

फोटो मी तिथल्या तिथे काढला. पण म्हटलं, "भाऊ, मी खोटं बोलणार नाही."

"तुम्ही नका बोलू. चूप राहा फक्त."

दुसऱ्या दिवशी होणारे व्याही आले, आणि नेमकी त्याच वेळी ताडोब्याहून गाडी परतली, दोन्ही टाक्या भरून. पाहुण्यांची नजर भिंतीवरच्या पाईपवर. सवयीने देविदासभाऊंचा हात हातमोज्यांकडे गेला.

गजाननने ते आधीच उचलले होते! त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ऑफिसची भिंत पत्र्याची आहे, एवढंच.

"साहेब, तुम्ही बाजूले व्हा. मी लावतो."

जन्मात पहिल्यांदा त्याने पाईप जोडला, खाली वाकला आणि छोटीच्या व्हॉल्व्हला हात घातला. खरं तर आधी मोठी सोडायची असते. मग छोटीच्या साबणाच्या पाण्याने पाईप आपोआप धुऊन निघतो.

"अबे गजानन!" देविदासभाऊंच्या आवाजाने पत्रे थरथरले. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "कितीदा सांगू तुले? मोठी आधी! मोठी आधी, छोटी नंतर!"

"चुकलं साहेब!"

पाहुणे दोन पावलं मागे सरकले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लय कडक आहेत हो आमचे इवाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेटरहेडवर देविदासभाऊंची नेमणूक टाइप केली : टँक सुपरवायझर. हाताखालची माणसं, दोन. गजाननच्या आधी माझं नाव घातलं.