पदराच्या गाठीतला रोटर

कोणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. या सदरातले अनुभव वाचून मी स्वतः कित्येक वर्षं हसत आले आहे. जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कोणी झपाटलेलं घर म्हणालं की मी आधी वायरिंग तपासायला सांगते... आणि तरी आज हे लिहितेय. माझ्याकडे साक्षीदार आहेत. त्यातला एक माझा नवरा, आणि तो सहसा माझ्या बाजूने साक्ष देत नाही!

गाडी आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. छोटीशी, फिकी निळी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर निम्मे वाचक मॉडेलवरून भांडत बसतील. या गाडीला कपाटाची किल्लीसुद्धा चालायची, त्यामुळे भाऊबंद न विचारता नवरदेव बसवून घेऊन जायचे. एकदा गाडी तीन दिवसांनी परत आली, ती अंगभर झेंडू घेऊन. तेव्हापासून नानांनी एक सवय लावून घेतली – गाडी उभी केली की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं आणि आतला रोटर खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा एक तपकिरी तुकडा. तो गरगर फिरून चारही प्लगना पाळीपाळीने करंट पोचवतो. तो काढला की मग किल्ली फिरवा नाहीतर नारळ फोडा, गाडी सुरू होत नाही.

दर आखाजीला नाना याच गाडीने दोंडाईच्याला जायचे, त्यांच्या मोठ्या बहिणीला, अक्काला आणायला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात लेकीबहिणींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे दिवस. तिथे पोचल्यावर मात्र रोटर नानांच्या खिशात राहायचा नाही. अक्का हात पुढे करायची आणि तो घेऊन पदराला गाठ मारायची. भाऊ जेवल्याशिवाय आणि तिची बोचकी बांधून झाल्याशिवाय निघू नये म्हणून! निघायच्या वेळी गाठ सुटायची.

नाना गेले आणि अक्काचं येणं थांबलं. पहिल्या आखाजीला आम्ही एसी गाडी घेऊन गेलो, तर ती दारातच म्हणाली, "भाऊ गया, माहेर गयं. आते कोनाकडे येऊ?"

"अगं, मी आहे ना!"

"तू पोर शे वं, भाऊ नही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मना भाऊनी गाडी मूय लेवाले ऊनी ते येसू."

मूय म्हणजे मूळ, माहेरचं बोलावणं. नानांची गाडी न्यायला आली तर येईन, असं तिचं म्हणणं. ती गाडी तेव्हा शेडमध्ये विटांवर उभी होती आणि सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोड बोलून दिलेला नकार होता तो. अक्का ऐंशीच्या पुढची. अशा दोन आखाज्या गेल्या. तिचं माहेर माझ्यामुळे तुटावं हे मला सोसेना, आणि मी हट्टाला पेटले.

नानांचे जुने मेकॅनिक सुकदेवभाऊ सत्तरीचे. हात थरथरतात, पण पाना धरला की थांबतात. हिवाळ्यातले सगळे रविवार आम्ही शेडमध्ये घालवले. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं, तेव्हा कुठे ते हललं. टाकीत बारीक खडी घालून दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली, गंज बाहेर काढला. इंजिनच्या सांध्यात बसणारं गॅस्केट सुकदेवभाऊंनी शीटवर हातोडीने ठोकठोकून घरीच कापलं. "म्यॅडम, तुम्ही पोरांना शिकवता खरं, पन पाना उलटा धरला," असं रोज एकदा तरी ऐकलं. रोटर नानांच्या ड्रॉवरमध्ये सापडला, रुमालात गुंडाळलेला. एकच. "जपा बरं," सुकदेवभाऊ म्हणाले, "मी लई दुकानं पालथी घातली, दुसरा भेटला नाही."

मार्चमध्ये ती पहिल्यांदा सुरू झाली. निळ्या धुराचा लोट शेडभर! मी ग्रीसच्या हातांनीच नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला मिठी मारली. तो शर्ट अजून तसाच आहे. आणि हो, त्या काही महिन्यांत मी इतकी हसले की आधीच्या दोन वर्षांत मिळून हसले नसेन.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटेच निघाले. मागून नवरा त्याच्या गाडीत, "टोचन करून आणायला" म्हणे. त्याची सोय वाया जाईल असं दिसत नव्हतं, कारण जाताना बाईसाहेबांनी पुरते नखरे केले. धरणगाव, अमळनेर, बेटावद – तीनदा गरम होऊन बंद पडली, तीनदा पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकून तिची समजूत काढली. म्हणजे इंजिनवरच्या पंपावर, रस्त्यावरच्या नव्हे!

दोंडाईच्याला गल्लीत वळले आणि हॉर्न दिला. अक्का ओट्यावर आली. जवळ येऊन बॉनेटवर हात फिरवला, आणि मग तोच हात माझ्यापुढे केला.

मला आधी कळलंच नाही. "काय गं?"

"रोटर!" अक्का म्हणाली. "आते जेवानं, मंग जावानं."

मी बॉनेट उघडलं, रोटर काढला, टोपण परत बसवलं. तिने पदराला गाठ मारली. माझा नवरा शेजारीच उभा होता, त्याने हे पाहिलं.

उन्हं कलल्यावर निघालो तेव्हा नुसता गोंधळ. सुना, शेजारणी, ओटी, आंब्यांची पाटी, पापडांचे डबे. अक्का एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने बोचकी मोजत होती. पुढच्या सीटवर तिला बसवलं, किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू.

त्या दिवशी गाडी जी पळाली! ना खोकली, ना तापली. अमळनेरला रसवंतीवर थांबलो. गाडी समोरच होती म्हणून बॉनेटला हात लावला नाही. रस पिऊन आलो, पुन्हा एका झटक्यात सुरू. अक्का खिडकीतून हात बाहेर काढून आखाजीची गाणी गुणगुणत होती. बांभोरीला गिरणेचा पूल आला तेव्हा मी पण मोठमोठ्याने गात होते. मला गाता येत नाही.

घरी सुकदेवभाऊ वाट बघत उभे होते. गाडी उभी केली, नानांच्या सवयीप्रमाणे बॉनेट उघडलं, टोपण काढलं...

आत रोटर नव्हता.

"सुकदेवभाऊ, तुम्ही काढला?"

"मी अजून हात नाही लावला म्यॅडम."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अय माय! देवानं रही गयं!" द्यायचं राहूनच गेलं म्हणत अक्का पदराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिने दातांनी सोडवली. आत रोटर!

सुकदेवभाऊ पुढे झाले. त्यांनी टोपण तसंच, रोटरविना बसवून किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, दहा वेळा फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं, एकही ठिणगी नाही. रोटर घातला, पहिल्या फटक्यात सुरू. मी, मागून पोचलेला नवरा आणि सुकदेवभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो.

"बठ्ठा काय दखी ऱ्हायनात?" अक्का म्हणाली. "मना भाऊ ऊना व्हता मूय लेवाले." आणि चपला काढून आत गेली. आतून विचारलं, "झोका कोठे बांधेल शे?"

नवऱ्याचं म्हणणं, मी घाईत दुसरा रोटर बसवला असेल. दुसरा होता कुठे? आणि असलाच, तर गेला कुठे? स्टाफरूममधल्या एका सरांनी ठिणगी उडी मारत असेल असं कागदावर काढून दाखवलं. मी म्हटलं, सव्वाशे किलोमीटर? त्यांनी कागद चुरगाळला. आठवड्याने अक्काला सोडायला निघताना मी हळूच म्हटलं, "अक्का, रोटर तुझ्याकडेच ठेव बरं, बघू चालते का." ती रागावलीच. "भाऊनी परीक्षा लेस का?" माझ्या हातात रोटर कोंबला आणि मी तो बसवेपर्यंत गाडीत बसली नाही.

वर्गात मी अजूनही तेच शिकवते, की वाट तुटली की करंट जात नाही. ते खरंच आहे. मुलं मान डोलावतात, मी पुढच्या धड्याकडे वळते.

काल अक्काचा फोन आला. आखाजीला अजून चार महिने आहेत, पण तिने सुनेकडून कॅलेंडर वाचून घेतलंय. तारीख मला तिनेच सांगितली. मग म्हणाली, "माहेरनी गाडी धुई पुशी ठेव. मी वाट दखस."