मुठीवरचा फेटा
रोहिणखेडच्या डॉक्टरच्या डोक्यावर फेटा टिकायचा नाही. छातीच्या दुखण्याचा रोगी समोर बसला, की तो फेटा उतरवायचा, रोग्याला मूठ आवळायला सांगायचा आणि तिच्याभोवती वेढे द्यायचा. "हे तुहं काळीज, अन् ह्या त्याच्या नाड्या." पुस्तकात त्यांना कोरोनरी म्हणतात, म्हणजे मुकुटासारख्या. वऱ्हाडात मुकुट कोण घालतो? त्याने मुकुटाचा फेटा केला, आणि लोकांनी त्याला फेट्याचा डॉक्टर केलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, म्हणून आम्ही दोघं नागपूरला एकाच बाकावर डॉक्टरी शिकलो. परीक्षेत मी वर, तो खाली. मी धामणगाव बढ्याला दवाखाना थाटला. गोळ्या त्याच, नळी तीच, तरी माझ्या ओट्यासमोरून बैलगाड्या रोहिणखेडला जायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो डॉक्टर नव्हे, कीर्तनकार आहे, असं मी येईल त्याला सांगायचो.

त्याची एक खोड होती. आधी अर्थ, मग गोळी. दुखण्याच्या नावाचा अर्थ रोग्याने परत सांगून दाखवल्याशिवाय तो औषध द्यायचा नाही. मिशाळ पाटील त्याच्यापुढे पाढे म्हटल्यासारखे अंजायना, म्हणजे काळजाची कळ, समजावून सांगत. चुकले, की पुन्हा फेटा. तेवढ्या वेळात मी निम्मा दवाखाना रिकामा करत असे. माझा तर पुढे आपोआपच रिकामा राहू लागला.

पण खरा घाव घरातच बसला. चढ चढताना आईच्या छातीत कळ यायची. कोरोनरी धमन्यांचं आकुंचन मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं, गोळ्या दिल्या. तिने त्या देव्हाऱ्यात ठेवून दिल्या. मग एक दिवस मामाच्या गाडीतून ती रोहिणखेडला गेली आणि परत आल्यावर तीच गोळी मुकाट्याने घेऊ लागली. मी कारण विचारलं.

"तो म्हने, माय, काळीज घरच्या बाईवानी असते. साऱ्या अंगाले वाढते, पन त्याचं सोताचं ताट ह्या नाड्याच वाढतात. नाड्या आखडल्या का ते उपाशी राह्यते, मंग कळ मारून मांगते." माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुनं तं मले नुसतं नाव सांगतलं, बापू."

त्या दिवसापासून आई आमच्याबरोबर जेवायला बसू लागली. वडील असताना हे कधी घडलं नव्हतं. पोटचा मुलगा मी, आणि तिचं ताट मांडून गेला तो! मला त्याचा भयंकर हेवा वाटला.

मग तोच आधी गेला. एका शेतकऱ्याच्या मुठीला फेटा बांधता बांधता कोसळला. त्याच नाड्यांनी घात केला. आई खूप रडली, आणि ही माझ्यासाठी एवढी रडेल का, असं तेव्हाही माझ्या मनात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात आईची कळ फार वाढली. ती घामाने भिजली होती. गोळी हातात धरून बसली, घेईना. तो नाही हे तिला ठाऊक होतं.

"आधी मले सांग," ती म्हणाली.

मी टोपीवाला, माझ्याकडे फेटा कुठला! खुंटीवरचा वडिलांचा फेटा काढला, तिच्या मुठीला वेढे दिले आणि घरच्या बाईची गोष्ट सांगितली, ताटासकट. तिने ती धापा टाकत परत सांगितली, आणि मगच गोळी जिभेखाली ठेवली.

कळ ओसरल्यावर ती मुठीकडे बघत राहिली.

"हाव, बराबर सांगतलं. पन त्याचे वेढे सैल राहत, बापू."

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी वेढे सैल केले.