ईस्टरच्या सकाळचा पहिला शब्द

परतवाड्याच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तरी आईचं बोलणं काही संपेना. लोणच्याच्या बरणीला फडकं नीट बांधलंय का, पासपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवला, न्यूझीलंडात पाणी उकळून पितात की तसंच, सगळं तिला बसच्या खिडकीखाली उभं राहूनच विचारायचं होतं. बाबा शेजारी हात मागे बांधून गप्प उभे होते. ते शिंपीकाम करायचे आणि तोंडात टाचण्या धरल्यासारखे जन्मभर कमीच बोलले. गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून चालायला लागली आणि म्हणाली, "ईस्टरच्या दिवशी तिकडे उठल्या उठल्या बडबडू नको, माय. माह्या फोनची वाट पाह्यजो."

मी नर्सची नोकरी करायला जगाच्या दुसऱ्या टोकाला चालले होते आणि या बाईला काळजी कशाची, तर ईस्टरची! तेव्हा मला हसू आलं होतं.

तुम्हा परतवाड्याच्या लोकांपैकी जे तिकडेच राहिले त्यांना ठाऊक असेल, जे माझ्यासारखे निघाले ते कदाचित विसरले असतील, म्हणून सांगते. आमच्या घरी ईस्टरच्या पहाटे कुणी बोलायचं नाही. ही रीत काही चर्चची नव्हे, आमच्या घरची. आजीकडून आईकडे आलेली. अंधारात उठायचं, बाबांनी शिवलेले पांढरे कपडे घालायचे आणि मुक्यानं कबरस्तानापर्यंत चालत जायचं. आजीची कबर आदल्या दिवशीच चुन्यानं रंगवलेली असायची. "प्रभूच्या कबरीकडे त्या बाया का चकाट्या पिटत गेल्या असतीन?" असं आई, ईस्टरच्या पहाटे येशूच्या कबरीकडे गेलेल्या बायबलातल्या बायकांचा दाखला देत म्हणायची. कबरीशी उभं राहायचं, सूर्य वर आला की घरातल्या मोठ्या बाईनं "प्रभू उठला!" म्हणायचं, बाकीच्यांनी "खरंच उठला!" हा त्या दिवसाचा पहिला शब्द. वर्षभर तोंडाचा पट्टा चालवणारी आई त्या वाटेवर दाबलेल्या शब्दांनी अगदी फुगून यायची, आणि एकदा का पहिला शब्द सुटला की घरी येईपर्यंत थांबायची नाही.

एका वर्षी मोठी गंमत झाली. आमच्या शेजारी नर्मदाकाकू राहतात, माळ्याच्या. त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा आहे. बाजारासाठी मोगरा तोडायला त्या अंधारातच निघाल्या होत्या, नवीनच राहायला आल्या होत्या तेव्हा. समोरून आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत, हातात फुलं, खाली मान घालून येतोय. काकू धावतच आल्या. "कोन गेलं व बाई?" आई कशी बोलणार! तिनं नुसते हात जोडले. झालं, काकूंनी पदर तोंडाला लावला आणि रडत रडत आमच्याबरोबर चालू लागल्या, ते थेट कबरस्तानापर्यंत. हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली. सूर्य वर आला आणि आई जी ओरडली, "प्रभू उठला!" काकू दचकून मागेच सरल्या. सगळं समजल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग मले कायले रडवलं इतकं?"

तेव्हापासून काकू दर ईस्टरला आमच्याबरोबर मोगरा घेऊन यायच्या. होळीच्या रंगासाठी वाळवलेली पळसाची फुलं त्या आमच्यासाठी मूठभर राखून ठेवायच्या. आई त्यात अंडी उकडायची. ती अशी केशरी व्हायची की फोडायचं जिवावर यायचं. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर बसून मीठ लावून आम्ही ती खायचो. काकू अंडं खात नसत, पण सगळ्यांत चांगला रंग कुठल्या अंड्याला आलाय ते त्याच ठरवायच्या.

मी निघाले तेव्हाही त्यांनी पळसाची पुडी दिली होती. इथल्या विमानतळावर सुकी फुलं चालत नाहीत म्हणून ती काढून घेतली गेली. मी कांद्याच्या सालींवर भागवते. रंग येतो, पण तो तपकिरी.

इथला ईस्टर पानगळीत येतो. अंगावर स्वेटर असतो आणि तिकडे सगळे घामानं निथळत असतात. इथे सूर्य आधी उगवतो, पण माझा पहिला शब्द परतवाड्यात अडकलेला, त्यामुळे इथली दुपार होईपर्यंत मी मुकी. पेशंटशी न बोलता नर्सिंग कसं करणार? म्हणून त्या रविवारची ड्यूटी मी रोस्टर लागायच्या आधीच बदलून घेते. "आई म्यूटवर आहे," असं माझी मुलगी मैत्रिणींना सांगते. मग फोन वाजायचा, आईचा "प्रभू उठला!" कानठळ्या बसवायचा, आणि तेव्हा कुठे माझी सकाळ व्हायची.

मागच्या दिवाळीनंतर आई गेली. झोपेतच गेली. मी पोचले तोवर माती झालेली होती. बाबांना म्हटलं, चला माझ्याकडे. "पाहू," म्हणाले. त्यानंतर फोनवर "हो", "बरं", "जेवलो" यापलीकडे शब्द नाही. काकू मला वेगळा फोन करून सांगायच्या, "तुहे बाबा भिंतीशीही बोलत नाईत व. मले भेव वाटते." मलाही वाटत होतं. आईमागोमाग बाबाही असेच हळूहळू जातील, आणि मी इथे स्वेटर घालून बसलेली असेन, ही भीती मला कामावरही सोडत नव्हती.

यंदाच्या ईस्टरला मी सवयीनं गप्प राहिले. कुणाच्या फोनची वाट पाहतेय, ते माझं मलाच कळेना. दुपारी बाबांच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. चित्र हलत होतं, म्हणजे फोन काकूंच्या हातात. आईची कबर पांढरीशुभ्र, वर मोगरा. बाबा पांढऱ्या सदऱ्यात. सूर्य बाभळीच्या वर आला तरी कुणी बोलेना. बाबा माझ्याकडे बघत होते. आता घरातली मोठी बाई मीच, हे त्यांनी धरलेलं आणि मलाही कळत होतं. पण तो पहिला शब्द मी म्हणेना. मी तो म्हटला असता, तर आई तो पुन्हा कधीच म्हणणार नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मला ते कबूल नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"उठला व बाप्पा, उठला तुमचा देव!" फोनमागून काकूंचा आवाज आला, रडका आणि चिडका. "बोला आता कोनी तरी! दरसाली मलेच रडवता काय?"

बाबा आधी हसले. मग आजूबाजूच्या कबरींपाशी आलेल्या लोकांनी वळून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "खरंच उठला!" मीही म्हटलं. आतून मुलगी ओरडली, "आई अनम्यूट झाली!"

त्यानंतर बाबा बोलतच राहिले. चुना महाग झाला, मोगरा यंदा बारीक निघाला, पळसाचा रंग आईसारखा काही साधला नाही. शेवटी म्हणाले, "मी तिकडे काई येत नाई, पोरी. इथं तुही आई आहे, काकू हायेत. तूच येजो पुढच्या ईस्टरले."

आई गेली तेव्हा वाटलं होतं, माझं घरही गेलं, आता परतवाडा म्हणजे नुसतं गावाचं नाव. तसं झालं नाही. मी गप्प झाले तर जिथं कुणाला तरी चैन पडत नाही, ते माझं घर, आणि ते अजून आहे. पुढच्या वर्षीची रजा मी आताच मागून ठेवली आहे. पहिला शब्द यंदा राहिला, पुढच्या वेळी आईच्या कबरीशी उभी राहून मीच म्हणेन, असं मी बाबांना फोनवर सांगितलं.

मागून काकूंचा आवाज आला, "ये तं खरी. उशीर केला तं मी म्हनून टाकीन."