सुईवरचे चार आणे

यंदा दिवाळीत मुलीने नवा रेकॉर्ड प्लेयर आणला आणि सालेकशाकडच्या आमच्या घरी बाबूजींची रेकॉर्डची लाकडी पेटी तीस वर्षांनी उघडली. बाबूजी लग्नांना भोंगा लावायचे. त्यामुळे पेटीत सिनेमाची गाणी, कव्वाल्या, भजनं, छत्तीसगढी नाचगाणी, सगळंच होतं.

ओसरीत सगळे बसलो. प्रत्येक रेकॉर्ड खरखरत होती, तरी आईला एकेक लग्न आठवत होतं. "हे आमगावच्या लग्नातलं. जावई रुसला होता थे."

बाबूजी मात्र दारापाशी सुपारी कातरत होते.

"आबाजी, इकडे या ना," मुलगी म्हणाली.

"कायले? बोलणं समजते मले. पण गाण्यातले घुंगरू येत नाही कानात. कान गेले माहे."

कान गेले म्हणूनच त्यांनी धंदा बंद केला होता, भोंगे विकले होते. त्याआधीच्या दोन लग्नसराया मी सांभाळल्या. मांडवात पोरं नाचली की सुई उडायची. म्हणून मी तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचो आणि घरी येण्याआधी काढून टाकायचो. सुईवर वजन ठेवलं की रेकॉर्ड घासते, हे बाबूजींनीच शिकवलं होतं. पण भोंग्यापाशी उभं राहून कान गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गप्प राहिलो.

मुलीने रेकॉर्ड उलटी केली. ही बाजू लग्नात कोणी मागत नसे. आम्ही ती कधी लावलीच नव्हती.

अडकित्ता थांबला. "घुंगरू!" बाबूजी उठलेच. "घुंगरू वाजून राहिले ना!"

"मग इतके वर्षं बहिऱ्याचं सोंग केलं का जी?" आई म्हणाली. सगळे हसले. त्यांचे कान शाबूत होते.

बाबूजींनी पुन्हा पहिली बाजू लावायला सांगितली. नुसती खरखर. मग दुसरी. घुंगरू. ते रेकॉर्डकडे बघत राहिले.

"सुईवर वजन होतं."

"मी ठेवत होतो, बाबूजी. चार आणे."

"तवाच काऊन नाही सांगतलं? वर्षभर कानात गरम तेल टाकून राहिलो होतो मी."

खुर्ची ओढून ते पेटीजवळ बसले. गाणं संपलं. मी सुई उचलायला वाकलो.

"तू हात नको लावू," ते म्हणाले. "पोरीले लावू दे."